ऊसतोडीला निघण्याआधी बैलांना लस टोचून घ्या

बीड जिल्ह्यातल्या सगळ्या पशुपालकांना, त्यातही बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी हा गाईबैलांचा विषाणूजन्य आजार सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत राज्यभर पसरला. बैलबाजार बंद ठेवावे लागले. त्यानंतरही पावसाळ्यात कुठे ना कुठे तो डोकं वर काढतोच.

हा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या जातीतला, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना चालते. डास, चावणारी माशी आणि गोचीड त्याला एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. संकरित गाई आणि वासरं लवकर सापडतात, म्हशींना तो क्वचित होतो. माणसाला होत नाही.

आपल्या जिल्ह्याला धोका जास्त, कारण आपली जनावरं फिरतात. बाजारात चार तालुक्यांचे बैल एकत्र येतात. दसऱ्यानंतर पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरकडच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथे कोप्यांपुढे शेकडो बैल खेटून बांधलेले असतात, पाणी एकाच हौदावर. एक बैल तापला तरी सगळा तळ धोक्यात येतो.

लस टोचल्यावर अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. ट्रक दारात उभा राहिल्यावर टोचून उपयोग नाही. पोळ्याच्या आसपासच सरकारी दवाखाना गाठा. चार महिन्यांपुढच्या वासरांनाही टोचा. प्रत्येक जनावराला नवी सुई घ्यायला सांगा, त्यात भीड धरू नका.

खांदेमळणीला तूप-हळद लावताना हात खांद्यावरच थांबवू नका. मान, पाठ, मांड्या सगळं चाचपा. सुपारीएवढ्या कडक गोल गाठी लागल्या, पाय सुजले, डोळ्यांतून पाणी गळत असलं, वैरण सुटली असली, तर जनावर त्याच दिवशी वेगळं बांधा आणि १९६२ला फोन करा. गाठी येण्याआधी दोन-तीन दिवस ताप असतो. नुसता ताप दिसला तरी दावण बदला. गोठ्यात शेण-मूत साचू देऊ नका, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा, गोचिडाचं औषध मारा.

बातमी फुटली तर बैलाला गिऱ्हाईक मिळणार नाही, या भीतीने आजार लपवला जातो. ती भीती खोटी नाही; उचल घेतलेल्या घराची सगळी भिस्त त्या जोडीवर असते. पण आजारी बैल बाजारात नेला तर दुसऱ्या तशाच घराची जोडी बसते. शिवाय वेळेत उपचार झाले तर बहुतेक जनावरं वाचतात.

जनावर दगावलंच तर कातडं काढू नका, ओढ्याला टाकू नका. आधी डॉक्टरांना बोलावून पंचनामा करून घ्या, मग चुना टाकून खोल पुरा. २०२२मध्ये सरकारने गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली होती. अशी मदत मागायची तर पंचनाम्याचा कागद हातात हवा.