घरचा डेटा... रामभरोसे!

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड असायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागासाठी लिही म्हणून रूममेट महिनाभर मागे लागली होती. विषय सुचत नव्हता. तो सुचला गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या रात्री.

आमच्या विंगमधल्या एकीचा लॅपटॉप रात्री साडेदहाला बंद पडला तो पडलाच. प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात, आणि फक्त त्यातच! मग काय, रडारड, पळापळ. शेवटी एका सीनियर ताईने स्क्रू ड्रायव्हर घेऊन लॅपटॉप उघडला, त्यातली एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली आणि रात्री दोन वाजता रिपोर्ट हाती आला. त्यानंतरची मॅगी पंचपक्वान्नांपेक्षा गोड लागली. तेव्हापासून आमच्या विंगमध्ये प्रत्येकीचा रिपोर्ट तीन ठिकाणी असतो. पेनड्राइव्हवर, क्लाउडवर आणि स्वतःलाच पाठवलेल्या मेलमध्ये.

मॅगी खाता खाता मी सहज विचारलं, "आणि घरच्या फोटोंचं काय गं? ते कुठे असतात?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "पप्पांच्या मोबाईलमध्ये असतील ना." दुसरी म्हणाली, "आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते. तो आता चालू होत नाही." बस्स! सहा महिन्यांनी रद्दीत जाणाऱ्या रिपोर्टच्या तीन प्रती आणि आईबाबांच्या वीस वर्षांच्या आठवणी रामभरोसे. आपण स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतो म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते. आणि टोचायला आणखी एक कारण आहे. ते आमच्या घरचं आहे.

मी सांगलीची. २००५ च्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं होतं. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा वाढायला लागली तेव्हा पप्पा अगदी निश्चिंत. "तिसरी पायरी, फार तर चौथी. त्याच्या वर काय येत नाही." पाणी आलं. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी झालं. घर सोडायच्या आधी आम्ही गव्हा-तांदळाची पोती, दागिने, घराची कागदपत्रं, माझ्या मार्कशीटसुद्धा माळ्यावर टाकल्या. कॉम्प्युटर मात्र टेबलावरच राहिला. त्याचा बॅकअप? होता ना! माझ्या चुलतभावाने, दादाने, खास एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणून सगळे फोटो त्यावर कॉपी करून ठेवले होते. ती डिस्क कुठे होती? त्याच टेबलाच्या खणात!

पाणी उतरल्यावर आम्ही अजून एक शहाणपणा केला. डिस्क दोन दिवस उन्हात वाळवली आणि चालू करून बघितली. ओली झालेली डिस्क घरी वाळवायची नसते आणि चालू तर अजिबात करायची नसते, हे मला नंतर कळलं. आतल्या तबकड्यांवर गाळाचा एक कण जरी राहिला तरी फिरताना हेड त्याला आपटतं आणि उरलासुरला डेटाही जातो. डेटा रिकव्हरीवाल्याने २८ हजार सांगितले, तेही खात्री न देता. घरात फ्रिज नाही, गाद्या नाहीत, भिंतींना चिखल. पप्पा म्हणाले, "आधी घर उभं करू." त्यांचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. ती डिस्क अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात आहे.

२००६ साली घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला, तेव्हापासूनचं सगळं त्यात होतं. माझे वाढदिवस, दादाचं लग्न, आणि आबांचा एक दोन मिनिटांचा व्हिडिओ. आबा अंगणात खुर्ची टाकून मला पावकी म्हणून दाखवतायत आणि मी नुसती हसतेय. आबा २०१६ ला गेले. त्यांचा आवाज असलेली ती एवढी एकच गोष्ट आमच्याकडे होती.

गंमत बघा, आजीच्या लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट अल्बम वाचला, कारण तो आधीपासूनच माळ्यावर होता. आजी म्हणाली, "माझं लग्न वाचलं बघ. तुमचीच बालपणं वाहून गेली." आणि दिवाळीत पुण्याच्या आत्याकडून एक सीडी आली. २०११ मध्ये पप्पांनी तिला दिवाळीचे फोटो सीडीवर घालून दिले होते. २४० पैकी ३१ फोटो उघडले नाहीत, बाकीचे उघडले. माझ्या लहानपणाचे आज जे काही फोटो आहेत ते हे एवढेच. व्हिडिओ त्यात नव्हता.

आता जरा इंजिनिअरिंग करू. एम-थ्रीला प्रोबॅबिलिटी सगळ्यांनीच घोकलीय. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडायची शक्यता १०० मध्ये ५ आहे. मग दोन डिस्क असतील तर दोन्ही त्याच वर्षी बिघडायची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ४०० मध्ये १. वा, छान! पण हा गुणाकार कधी चालतो? दोन्ही घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हाच. एका खणात ठेवलेल्या दोन डिस्कना पूर एकच, आग एकच, चोरही एकच. कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवल्या तर व्हायरसही एकच. आमच्या घरी प्रती दोन होत्या, पण धोका एकच होता. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण प्रती मोजतो, धोके मोजत नाही.

जगभर यासाठी ३-२-१ हा साधा नियम वापरतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. डेटाच्या एकूण ३ प्रती, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. आमच्या आत्याने न कळत त्यातला शेवटचा '१' पाळला होता.

असं फक्त आमच्यासारख्यांच्या घरी होतं असं समजू नका. 'टॉय स्टोरी २' सगळ्यांनी बघितला असेल. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून एक डिलीटची कमांड दिली आणि त्या सिनेमाच्या फायली धडाधड उडायला लागल्या. बॅकअपच्या टेप काढल्या तर तो बॅकअपच नीट होत नव्हता, आणि ते तोपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने. बाळ लहान म्हणून ती घरून काम करायची, त्यामुळे तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. पुन्हा तेच, घराबाहेरची, म्हणजे इथे ऑफिसबाहेरची प्रत. आणि एक जास्तीचा धडा: जो बॅकअप कधी उघडून बघितला नाही तो बॅकअप नाहीच. आपल्याकडचं बघायचं तर १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही.

हे सगळं मी विंगमध्ये बोलले तेव्हा बरेच आक्षेप आले. रास्त आहेत, म्हणून एकेक घेते.

पहिला आक्षेप: "क्लाउड आहे की!" आहे, आणि पुराच्या बाबतीत तो उत्तमच. सांगलीत पाणी आलं म्हणून सर्व्हर बुडत नाही. पण गूगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज १ जून २०२१ पासून बंद झालं. आता फुकट मिळतात ते १५ जीबी, तेही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. एक फोटो ४ एमबीचा धरला तर साधारण ३,७५० फोटोंत खेळ खलास. मग मेल यायचीही बंद होते आणि पप्पांचा फोन येतो, "अगं, बँकेचं मेल येत नाही, काय करू?" दुसरं म्हणजे दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तेव्हा आपण चड्डीत होतो, पण आपल्या काका-मामांना विचारा त्यावर किती फोटो होते ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! फोनमध्ये जागा करायला आईने गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केले की ते क्लाउडवरूनही जातात. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, नंतर कायमचे गेले. क्लाउड ही एक प्रत आहे. चांगली आहे. पण एकच आहे.

दुसरा आक्षेप: "फॅमिली ग्रुपवर टाकलेत ना सगळे!" व्हॉट्सअॅप साधा फोटो दाबून लहान करून पाठवतं आणि तो कधी काढला ती मूळ तारीखही पुसली जाते. मूळ फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एवढं जरी घरी शिकवलं तरी पुष्कळ.

तिसरा: "पेनड्राइव्हमध्ये ठेवलेत." पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर तो भार हळूहळू गळतो. ने-आण करायला पेनड्राइव्ह ठीक, तिजोरी म्हणून नाही. हार्ड डिस्कसुद्धा अमर नाही. फिरणारे भाग आहेत, पडली की संपली. म्हणूनच एकावर विसंबायचं नाही.

चौथा, माझ्या रूममेटचा: "एवढा खर्च कोण करणार?" एक टीबीची साधी हार्ड डिस्क साधारण दोन महिन्यांच्या मेसच्या बिलात येते. (आणि मेसची भाजी बघता तो पैसा जास्त सत्कारणी लागेल!) घराबाहेरच्या जागेला तर पैसेच लागत नाहीत. तुमची डिस्क मामाकडे, मामाची तुमच्याकडे. दर दिवाळीला अदलाबदल करायची आणि तेव्हाच उघडून बघायची.

पाचवा आक्षेप मात्र मला निरुत्तर करून गेला. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "एवढे फोटो ठेवून बघणार कोण?" खरंय. आईच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत, त्यातली निम्मी गुड मॉर्निंगची फुलं. या कचऱ्याचा बॅकअप घेण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून मला वाटतं, निवडायला शिकलं पाहिजे. वर्षाला शंभर फोटो, बास. आणि ते आपण एकट्याने लॅपटॉपवर बसून निवडायचे नाहीत, आईबाबांना शेजारी बसवून निवडायचे. कारण आपल्याला जो फोटो अंधुक आणि वाकडा वाटतो तो नेमका आईच्या मावशीचा एकुलता एक फोटो असतो. निवडता निवडता कोण, कुठे, कधी हे विचारून फोल्डरला नाव द्यायचं. आजीच्या अल्बममधल्या निम्म्या माणसांची नावं आज फक्त आजीला माहीत आहेत. त्या माहितीचा बॅकअप कुठल्याही क्लाउडवर नाही.

एक शेवटची गोष्ट, आपल्या स्वतःबद्दल. घरातलं 'टेक्निकल' सगळं आपणच बघतो. पासवर्ड आपल्यालाच माहीत, रिकव्हरीचा नंबर आपलाच. ज्या सिस्टिममध्ये एक भाग गेला की सगळं बंद पडतं तिला लेक्चरमध्ये आपण नावं ठेवतो, आणि घरी तो भाग आपणच असतो! पासवर्ड एका वहीत लिहून आईकडे द्या. ती वहीही माळ्यावर ठेवा.

फार मोठं काम नाही हो हे. सुट्टीतली एक संध्याकाळ जाईल. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा जेवलीस का, जेवलास का झाल्यावर एवढंच विचारा, "आपले जुने फोटो कुठे आहेत?" उत्तर ऐकून झोप उडाली तर हा लेख सार्थकी लागला म्हणायचा.

मी येत्या सुट्टीत आजीला समोर बसवून तिचा आवाज रेकॉर्ड करणार आहे. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "पावकी होय? मलाबी येते की! तू कधी विचारलंसच नाही." या वेळी एक प्रत आत्याकडे पुण्याला जाणार, नक्की!