हौसेचा हिशेब देणार नाही

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुस्तकं जाडी बघून निवडत होते. वर्षाचं टार्गेट पन्नास, झालेली त्रेचाळीस. नेमाड्यांची 'हिंदू' निम्मी झाली होती, रंगात आली होती. तरी ती बाजूला ठेवली, कारण सहाशे पानांचं पुस्तकही ॲपमध्ये एकच धरतात. त्याऐवजी सात बारकी पुस्तकं उरकली. एकतीस तारखेच्या रात्री आकडा पन्नास झाला आणि स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. त्या सातांतल्या दोनच पुस्तकांची नावं आज मला आठवतात.

वाचन ही माझी सगळ्यात जुनी आवड. आणि शनिवारी दुपारी पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायला लागला होता, सोमवारच्या मीटिंगआधी येतो तसाच.

हे माझं एकटीचं नाही. माझी एक मैत्रीण पहाटे धावायला जाते. घड्याळाचं चार्जिंग संपलेलं दिसलं की अर्ध्या वाटेतून परत फिरते. धावणाऱ्यांमध्ये विनोदच आहे, स्ट्राव्हावर नोंद नसेल तर तुम्ही धावलातच नाही. दुसरी क्रोशाचं विणकाम करते. तिला बघणारा प्रत्येक जण विचारतो, "विकत का नाहीस? इन्स्टावर पेज काढ ना!" तिने पेज काढलं. आता तिला सुई हातात घ्यायच्या आधी रील कसं होईल ते सुचतं.

फोनला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण फोन यायच्या कितीतरी आधी आपल्या घरांत हे चालू होतं. मुलगी गुणगुणायला लागली की तिला क्लास लावायचा, क्लास लावला की परीक्षेला बसवायचं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. मुलगा चित्रं काढतो? एलिमेंटरी दे, इंटरमीजिएट दे, दहावीला वाढीव मार्क मिळतात. पाहुण्यांनी कधी विचारलं नाही, "गाताना तुला कसं वाटतं?" त्यांनी विचारलं, "कितवी परीक्षा झाली?"

न्यायाने बोलायचं तर त्या परीक्षांचे उपकारही आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं शिकणं हे सभ्य घराचं काम मानलं जात नव्हतं. अभ्यासक्रम आला, परीक्षा आल्या, प्रमाणपत्रं आली, तेव्हा कुठे अनेक घरांची दारं गाण्याला उघडली. मुलींना तर तो परवानाच होता. पण परवाना दाराशी दाखवायचा असतो. आपण तो आयुष्यभर हातात धरून बसलो. आनंदाला कारण लागतं, हे आपण इतकं मुरवून घेतलं, की नुसतं आवडतं म्हणून काही करताना चोरी केल्यासारखं वाटतं.

याचं काय होतं, हे १९७३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात दिसतं. स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी त्याच रंगीत पेनांशी मोकळेपणी खेळू दिलं, तेव्हा प्रमाणपत्राच्या बोलीवर काढणारी मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. म्हणजे बिघाड बक्षिसाने केला नव्हता, आधी ठरलेल्या सौद्याने केला होता.

आपला फोन हा सौदा रोज सकाळी करतो. सलग किती दिवस झाले, ते तो मोजतो आणि एक दिवस चुकला की शून्य दाखवतो. ही मोजणी तुम्हाला पुस्तकाकडे परत आणण्यासाठी नसते, ॲपकडे परत आणण्यासाठी असते. आणि या सगळ्याची धास्ती वाटायला लागली की उपाय म्हणून ध्यानाचं ॲप सुचवलं जातं. तेही दिवस मोजतं!

कुणी म्हणेल, शिस्त नको का? हवी. पण कष्ट आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पलटा शंभरदा घोटणारी बाई सुरासाठी घोटते. राजगड चढताना दम लागतो, पाय भरून येतात, पण त्याने कुणाच्या पोटात गोळा येत नाही. गोळा येतो तो वर पोचल्यावर दाखवायचं काय, या विचाराने.

तेव्हा ही धास्ती तुमचा दुबळेपणा आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जी गोष्ट तुमची होती तिचा मालक बदललाय, हे तुमच्या पोटाला तुमच्या आधी कळलंय, एवढंच.

आपल्याकडे 'हौशी' हा शब्द आता नाक मुरडून वापरतात, म्हणजे कच्चा, जमत नसलेला. मला तो परत हवा आहे. हौसेला मोल नसतं, असं आपल्याच आज्या म्हणत आल्या. मग मापही नको.

मी ॲप काढून टाकलंय. 'हिंदू' पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलीय. किती पानं झाली, ते विचारू नका. काय चाललंय ते विचारा, तासभर सांगेन.