दप्तर कोणाच्या ताब्यात?

२००७ साली स्थापन झालेल्या ड्रॉपबॉक्सने एका यंत्रावरील फाइल दुसऱ्या यंत्रावर आपोआप उमटविण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती दिली, तेव्हापासून आपल्या दस्तऐवजांची अस्सल प्रत कोणती आणि नक्कल कोणती, हा भेद पुसट होत गेला; इतका की, जागा मोकळी करण्यासाठी फोनवरून पुसलेले छायाचित्र संगणकावरूनही नाहीसे झाले म्हणजे गृहस्थ हतबुद्ध होतो. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण बंद केली, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्याचा अखत्यारही स्वतःकडे राखला. कूळकायद्याने कसणाऱ्यास जे संरक्षण दिले, तेवढेही आपल्या दप्तरास नसावे, हे मला असह्य वाटते.

सिंकथिंगसारखी मुक्त प्रणाली मधले कोठार वगळून आपल्याच यंत्रांत थेट, सांकेतिक रूपात देवघेव घडविते, हा मार्ग मला अधिक श्रेयस्कर वाटतो. मात्र दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असावी लागतात, ही अडचण खरी आहे. म्हणून क्लाउड राहो, पण त्याची किल्ली ग्राहकाकडेच असावी. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून घेण्याचा हक्क दिला. ती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क मात्र दिला नाही, तो संसदेने दुरुस्ती करून विनाविलंब द्यावा.