मुंबई पाहायला येताय? दारातून परत फिरू नका

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या विक्रोळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडच्या वळकट्या येऊन पडतात. पाहुण्यांचा आम्हाला जाच नाही. खोली लहान असली तरी गॅलरी मोठी आहे आणि शेजारी समंजस आहेत. जाच होतो तो त्यांच्या यादीचा. गेट वे, राणीची बाग, हँगिंग गार्डन, जुहू, एखाद्या नटाचा बंगला, आणि हे सारे एका दिवसात!

१९९८ साली आम्हीही हा मूर्खपणा केला. टॅक्सी ठरवून सासूबाईंना सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत फिरवले. त्यांचे पाय सुजले. शेजारणीने काय काय पाहिले विचारले तर म्हणाल्या, "लय ऊन होतं बाई, अन् लय गाड्या." तेव्हापासून घरात नियम केला. एका दिवशी मुंबईची एकच बाजू, आणि तीही लोकलने व पायी.

लोकलला घाबरण्याचे कारण नाही, फक्त नोकरदारांची वेळ टाळावी. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी उलटी फिरते. पाहुण्याने साडेदहानंतर घर सोडावे व रात्री नऊच्या सुमारास परतावे. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशीच्या पेपरात पाहून घ्यावा. बोरिवलीला उतरायचे असेल तर विरार लोकलमध्ये चढू नये. चढता येईल, उतरण्याची खात्री आम्ही देत नाही! बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात बसणार असतील तर उतरायचे स्टेशन आधी ठरवावे. चुकामूक झाली तर इंडिकेटरखाली थांबावे. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही.

पण खरी अडचण गाडीची नाही, हे आम्हाला गेल्या सुट्टीत कळले. वाशीमचे आमचे साडू बायकोमुलांसह आले होते. पहिला दिवस आम्ही फोर्टसाठी ठेवला. बोरीबंदरची इमारत आतून नव्हे, रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या बाजूने पाहावी, तेव्हा ती पुरी दिसते. १८८८ साली ती पुरी झाली, आणि त्याच्याही आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. तिथून आम्ही चालत निघालो. वाटेत सिद्धार्थ कॉलेज दाखवले. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केले. थोरला पोरगा बारावीला आहे, त्याने पाटीसमोर फोटो काढून घेतला. हुतात्मा चौकात ऊस प्यालो आणि पुढे वस्तुसंग्रहालयाच्या फाटकाशी पोहोचलो.

तिथे साडू थबकले. तो घुमट, ती बाग, आतून येणारे परदेशी पाहुणे. ते हळूच म्हणाले, "भाऊ, आपल्याले आत जाऊ देतीन काय?" आम्ही हो म्हणेपर्यंत त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या. फाटकावरचा रखवालदार चांगला माणूस. म्हणाला, "काका, चप्पल घाला, तिकीट तिकडे मिळतं." एवढेच. कोणी अडवले नाही, कोणी वाकडे पाहिले नाही. तरी आमच्या छातीत कळ उठली. पन्नाशीला टेकलेला, पोरांना शिकवणारा माणूस, आणि हात आपोआप चपलेकडे गेले.

आत सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांच्यापुढे मेव्हणी हात जोडून उभी राहिली. आणि एक दगडाचा तुकडा आहे, घाईतला माणूस त्याच्याकडे पाहतही नाही. सोपाऱ्याला सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तो तुकडा. वर ब्राह्मी अक्षरे. धाकट्याने विचारले, सोपारा कुठे आले? आम्ही म्हटले, अरे, मघाशी स्टेशनात नकाशा पाहिलास ना, त्यातले नालासोपारा! साडू त्या दगडापुढे चांगली पंधरा मिनिटे उभे होते. बाकीची दालने धावतच पाहावी लागली, पण आमची तक्रार नाही.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. तिथे बसायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. घरून आणलेल्या पोळ्या, ठेचा आणि चुरमुरे सोडले. दिवे लागले. गर्दी ओसरल्यावर बोरीबंदरला येऊन सुटणाऱ्याच गाडीत बसून घरी आलो, सगळ्यांना बसायला जागा मिळाली.

दुसरा दिवस दादरचा. पश्चिमेला चैत्यभूमी, पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. ६ डिसेंबरला येणाऱ्यांनी एकदा साध्या दिवशीही यावे, तेव्हा निवांत उभे राहता येते. तिसऱ्या दिवशी कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी बरीच आत आहेत, तेव्हा म्हाताऱ्यांना चालवू नये, आतल्या बसने न्यावे. शंभरावर लेणी आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट नको. मोठा चैत्य पाहावा आणि मग कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या व पन्हळी पाहाव्यात. डोंगरावर पडलेला पाऊस त्या काळच्या भिक्खूंनी कसा साठवला ते मुलांना दाखवावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातली मुले ते चटकन समजतात. मात्र डबा पिशवीत झाकून ठेवावा. माकडांनी आमच्या मेव्हणीच्या हातातली शंकरपाळ्यांची पुडी नेली, ती परत मिळाली नाही.

निघताना साडू दादरच्या फलाटावर म्हणाले, "पुढच्या बारीले मायले आनतो. थो दगड तिले दाखवाचा हाय." आम्ही म्हटले, जरूर आणा. फक्त कान्हेरीचा बेत सोमवारी ठेवू नका, त्या दिवशी उद्यान बंद असते.