पोटगी आणि भेट

परवा मुरबाडला एका हळदीत पुन्हा तेच ऐकलं, "पोराला भेटू देत नाही ना, मग पोटगी कशाला द्यायची?" आणि माना डोलावणारे आपलेच काका-मामा! अहो, पोटगी पोराच्या पोटासाठी असते, भेटीचं तिकीट म्हणून नाही. भेट नाकारली तर कोर्टात वेगळा अर्ज करा. आणि ताई, पैसे थकले म्हणून बापलेकाची भेट तोडणंही चूकच.

नागपूरहून गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे शहापूरच्या कोर्टात तारखा वाढवून काही वाचत नाही, थकबाकीच वाढते. तोवर पोराच्या शाळेचा खर्च मात्र तिचे म्हातारे आईवडील करतात. पुढच्या हळदीत तरी मान डोलावण्याआधी विचार करा!