‘माय, जेवलीस का?’ याचं इंग्रजी काय?

मी केज तालुक्यातला. शाळा जिल्हा परिषदेची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. परीक्षेत ‘प्रश्नार्थक वाक्य करा’ असं आलं की माझे मार्क कधी गेले नाहीत. आधी ‘डिड’, मग कर्ता, मग क्रियापदाचं पहिलं रूप, शेवटी प्रश्नचिन्ह. तोंडपाठ होतं.

पुढं पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो. शेवटी साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हणालो, “सर, व्हेन यू स्टार्टेड धिस डिपार्टमेंट?” समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. उत्तर दिलंच नाही. नोकरी दुसरीकडं लागली, पण त्यानंतर चार-पाच वर्षं मी कुठल्याच मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. सगळं कळत होतं म्हणून नाही, विचारताना चुकेल म्हणून.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून राज्यात केवढं वादळ उठलं, ते सगळ्यांनी बघितलं. जूनअखेर सरकारनं ते निर्णय मागं घेतले. तो वाद त्याच्या जागी. पण इंग्रजी तर पहिलीपासून २००० सालीच सुरू झालं. पाव शतक होऊन गेलं. आपल्या पोरांना त्या भाषेत ‘काल काय झालं?’ एवढं विचारता येतं का, हा प्रश्न मात्र कुठं फारसा ऐकू आला नाही.

दोन हिवाळे मी गावाकडं होतो, तेव्हा हंगामी वसतिगृहातल्या पोरांना संध्याकाळी शिकवायला जायचो. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. काही पोरं बैलगाडीत बसून सोबत जातात. काही मागं राहतात, आजीपाशी नाहीतर वसतिगृहात.

सातवीतली एक पोरगी होती. वहीत ‘डिड यू वेंट? डिड ही केम?’ असं पानभर लिहिलेलं. मी दुरुस्त करायचो, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहायची. एका संध्याकाळी तिच्या आईचा फडावरून फोन आला. पोरीचा पहिला प्रश्न, “माय, जेवलीस का?” दुसरा, “दादाला ताप आला होता, उतरला का?” तिसरा, “कुणी मारलं का तुला?”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, बाई, आज हेच इंग्रजीत करू.

आता नीट बघा. मराठीत ‘माय जेवली’ या वाक्याला शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. क्रियापद जागचं हलत नाही. पुष्कळदा ‘का’सुद्धा लागत नाही, आवाज चढवला की भागतं. म्हणून आपलं पोरगं ‘यू वेंट?’ असं म्हणतं. ते पोरगं मठ्ठ नाही. ते इंग्रजी शब्दांत मराठी बोलतंय.

इंग्रजीत काळ दाखवायचं काम ‘डिड’ करतो आणि कर्त्याच्या पुढं जाऊन उभा राहतो. मोळी एकानं डोक्यावर घेतली की दुसऱ्याचं डोकं मोकळं. भूतकाळाची मोळी ‘डिड’नं उचलली, म्हणून ‘एट’चं पुन्हा ‘ईट’ झालं. ‘डिड यू ईट?’ दोघांच्या डोक्यावर एकच मोळी कशी ठेवणार? पोरीला हे एका मिनिटात कळलं. ‘डिड यू वेंट’ त्या दिवसापासून थांबलं.

शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे आपल्या पोरांना शिकवावंही लागत नाही. ‘तू गेलास का?’ आणि ‘तू का गेलास?’ शब्द तेच तीन, पण एकात हो-नाही हवंय आणि दुसऱ्यात कारण. मग इंग्रजीत ‘व्हाय’ आधी आणि ‘डिड’ नंतर, यात अवघड काय आहे?

‘कुणी फोन केला?’ आणि ‘कुणाला फोन केला?’ यातला फरक पहिलीतलं पोरगंही चुकत नाही. पहिल्याचं इंग्रजी ‘हू कॉल्ड?’ इथं ‘हू’ स्वतःच कर्त्याच्या जागी बसलाय, म्हणून ‘डिड’ची गरज नाही. दुसऱ्याचं ‘हू डिड यू कॉल?’ आणि ‘माय फडात होती का?’ असं विचारायचं तर ‘वॉज’ स्वतःच उठून पुढं येतो, तिथंही ‘डिड’ लागत नाही. संपलं. एवढीच बेरीज आहे. पण ती मराठीशेजारी मांडून दाखवली तर.

आणि हा ‘डिड’ काही देवानं दिलेला नाही. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज स्वतःच पुष्कळदा क्रियापद उचलून कर्त्यापुढं ठेवायचे आणि प्रश्न करायचे. ‘डिड’ची सक्ती नंतर बसली. त्यामुळं कुणी चुकला म्हणून हसायचं काही कारण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण प्रश्न विचारायला शिकवत नाही, वाक्याचं रूपांतर करायला शिकवतो. ‘रामा वेंट टू मार्केट’चा प्रश्न करा. अहो, रामा बाजाराला गेला हे वाक्यातच सांगितलंय, मग विचारायचं कशाला? ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच नको असतं, तो प्रश्न पोरगं परीक्षा झाली की विसरणारच. मी विसरलो होतो.

दुसरी गोष्ट. हा नियम पायरीपायरीनं चढायचा असतो. आधी क्रियापदाची रूपं, मग साधा भूतकाळ, मग नकार, मग प्रश्न. दिवाळीत गेलेलं पोरगं उन्हाळ्यात परत येतं तेव्हा मधल्या पायऱ्याच नसतात. कोविडनंतर २०२१ मध्ये शासनानं राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घेतला होता. शाळा बंद राहिली की मागचं भरून काढावं लागतं, हे सरकारला तेव्हा पटलं होतं. मग ऊसतोड कामगाराच्या पोराची शाळा दरवर्षी पाच महिने बंद पडते, त्याचं काय? एप्रिलमध्ये परतणाऱ्या पोरांसाठी आपल्या जिल्ह्यात दरवर्षी असा सेतू का नको? इमारत तीच, शिक्षक तेच. लागेल ते फक्त वेळापत्रक आणि मनावर घेणारा अधिकारी.

कुणी म्हणेल, पोटाला भाकर नाही आणि तुम्ही ‘डिड’चं काय घेऊन बसलात? पण उद्या हेच पोरगं कामाला लागेल, कुणी इंग्रजी कागद पुढं करून सही माग म्हणेल, तेव्हा ‘पैसे कधी जमा केले? कुणी कापले? का कापले?’ हे त्याला विचारता आलं पाहिजे. हे सगळे भूतकाळातलेच प्रश्न आहेत. हिशोब नेहमी झालेल्या गोष्टीचाच मागायचा असतो.

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात एवढंच करून बघा. फळ्यावर वाक्य लिहू नका. पोरांना सांगा, काल मी काय केलं ते मला इंग्रजीत विचारा. चुकू द्या, हसू नका, आणि खरं उत्तर द्या.

त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, “सर, डिड यू ईट?”

मी जेवलो नव्हतो. तसं सांगितलं. तिनं डब्यातली अर्धी भाकर पुढं केली.