मोटारीची पत्रिका

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि चेहरा उतरलेला.

"अरे, तुझा जन्म मोटारींचे नंबर तपासण्यात गेला ना? मग मला एवढेच सांग, आमच्या गाडीचा नंबर जुळत नाही म्हणजे काय? ती चोरीची का आहे?"

वाचकहो, माझी चाळीस वर्षे विम्यासाठी मोटारींची पाहणी करण्यात गेली. बॉनेट उघडायचे, चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवायची, उमटलेला छाप नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहायचा, हा माझा धंदा. आमची सौ. म्हणते की, मी तिला पाहायला गेलो तेव्हाही तिच्याकडे छाप घेतल्यासारखाच पाहत होतो. ते असो.

काकूंची गाडी म्हणजे १९५९ सालची फियाट अकराशे. पुढची दारे मागच्या अंगाला उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली, मुंबईकर जिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत तीच. तिची जोडणी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. काका गेले, मुले परदेशी स्थायिक झाली, आणि गाडी विकायचे ठरले. एक हौशी गृहस्थ पाहायला आले. गाडी पसंत पडली, भावही ठरत आला. इतक्यात त्यांच्याबरोबरच्या मेस्त्रीने बॉनेटखाली टॉर्च मारला आणि सांगितले, "साहेब, चेसिस ओरिजिनल आहे, पण इंजिन दुसरे आहे." झाले! भाव एकदम निम्म्यावर आला.

मी काकूंना म्हणालो, "काकू, हे लग्नाच्या पत्रिकेसारखे आहे." कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा चेसिसवर एक नंबर ठोकलेला असतो आणि इंजिनावर एक. कोणत्या चेसिसला कोणते इंजिन दिले, ही त्या गाडीची जन्मवेळ. साठ वर्षांनंतरही तीच जोडी एकत्र नांदत असेल, तर शौकीन मंडळी तिला 'मॅचिंग नंबर' गाडी म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. अशा गाड्या थोड्याच उरतात, म्हणून हे मोल.

जिथे मोल आले तिथे लबाडी आलीच. मंगळाच्या मुलीची पत्रिका नवी करून देणारे जसे पूर्वी गावोगाव होते, तसे जुन्या इंजिनावर नवा नंबर ठोकून देणारे आज जगभर आहेत. अमेरिकेत शेव्हरलेच्या जुन्या कॉर्व्हेट गाडीसाठी हा प्रकार इतका चालतो की, तिथले जाणकार इंजिनाच्या एका पट्टीवर भिंग लावून बसतात. त्या सपाट पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. कारखान्याच्या यंत्राने ती पट्टी तासताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उठतात. नंबर बदलायचा तर आधीचा घासून काढावा लागतो, आणि घासताना त्या रेघाही जातात. म्हणजे नंबर बरोबर पण रेघा नाहीत, असे दिसले की जाणकार मान हलवतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.

दुसरी खूण तारखांची. इंजिनाचा ठोकळा ओतताना साच्यातच तारीख उमटवलेली असते. महिन्यासाठी ए ते एल ही अक्षरे. तेव्हा १९६० च्या दशकातल्या गाडीवर 'सी १५ ७' असे दिसले, तर तो ठोकळा १५ मार्च १९६७ रोजी ओतला. आता गाडी जर त्या वर्षीच्या जानेवारीत तयार झालेली असेल, तर नंबर कितीही जुळोत, ते इंजिन तिचे नव्हे. बारसे आधी आणि जन्म नंतर, असे कसे होईल?

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. लोखंडावर अंक ठोकला की त्याखालचा धातूही दाबला जातो. वरून कानस मारून अंक दिसेनासा केला, तरी आतला दाब तसाच राहतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत तिथे विशिष्ट आम्लाचे द्रावण लावतात, आणि पुसलेला अंक पुष्कळदा हळूहळू वर येतो.

हे सारे ऐकून काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो मेस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, आजी, दोन तासांचे काम आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा नंबर इंजिनावर ठोकून देतो, दुसरे गिऱ्हाईक आणतो, पूर्ण पैसे मिळतील. मी विचार करते म्हटले."

काकूंना पैशांची गरज होती, हे मला ठाऊक होते. गुडघ्यांचे ऑपरेशन व्हायचे होते आणि मुलांपुढे हात पसरायचा त्यांचा स्वभाव नव्हे. म्हणून मी उपदेश केला नाही. "आधी डबा उघडा," एवढेच म्हणालो.

डब्यात नोंदणीचे पुस्तक होते, कडा वाळवीने खाल्लेल्या. आत १९७१ सालची नोंद होती. जुन्या इंजिनाचा नंबर खोडलेला, शेजारी नवा लिहिलेला, खाली कार्यालयाचा शिक्का आणि सही. सोबत घडी घातलेले गॅरेजचे बिल. अपघातात मोडलेल्या दुसऱ्या फियाटचे, त्याच जातीचे इंजिन. मी टॉर्च घेऊन खाली गेलो, छाप घेतला. बिलावरचा, पुस्तकातला आणि इंजिनावरचा, तिन्ही नंबर तंतोतंत एक.

"काकू, १९७१ साली काय झाले होते?"

काकू खिडकीतून गाडीकडे पाहत म्हणाल्या, "आई गेली." पुण्याहून तार आली ती रात्री. पाऊस कोसळत होता. काकांनी काकूंना गाडीत बसवले आणि निघाले. बोरघाटात इंजिन तापून वाफ फेकू लागले. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हे काकांना कळत नव्हते असे नाही. निवायला तासभर थांबणे भाग होते. ते थांबले नाहीत. ओहोळाचे पाणी डब्याने ओतत, पुन्हा चालवत, पहाटे पुण्याला पोहोचले. इंजिनाचा ठोकळा तडकला तो तडकलाच. पण काकूंना आईशी दोन तास बोलता आले.

काकांनी ते इंजिन का गमावले, ते त्या नोंदीत नव्हते. नोंद करण्याचा प्रामाणिकपणा मात्र होता.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे नंबर जुळत नाहीत, त्याचे कारण बहुधा लबाडी नसते, गरज असते. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबायचे ते दिवस. आयात गाड्यांचे सुटे भाग मिळत नसत. पेट्रोलच्या खर्चापायी मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसली. गाडी मोडीत काढणे परवडत नव्हते, म्हणून ती जगवली. असा बदल नोंदणी कार्यालयाला कळवून पुस्तकात लिहून घेतला असेल, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

हा वाद विलायतेतही कोर्टापर्यंत गेला आहे. १९२९ आणि १९३० साली फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली मोटार. पुढे १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि गाडी पुन्हा नव्याने बांधली गेली. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. मग खरेदीदार म्हणाले, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात मूळचे उरलेच किती? न्यायाधीशांनी निवाडा दिला तो विकणाऱ्याच्या बाजूने. मूळ भाग फारसे उरले नसले, तरी गाडीचे आयुष्य मध्ये कुठे तुटलेले नाही. बदलत बदलत आलेली ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च आहे, असा त्याचा मथितार्थ. मूळचे असणे वेगळे आणि अस्सल असणे वेगळे.

ज्यांच्या घरी अशी एखादी म्हातारी गाडी असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी २०२१ पासून केंद्र सरकारचे वेगळे नियम आहेत. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. म्हणून जुने पुस्तक, पावत्या, विम्याचे कागद रद्दीत घालू नका. आणि विकत घेणार असाल, तर रंगाची चकाकी पाहण्याआधी पेन्सिलीने छाप घ्या. अंक एका ओळीत, एका खोलीचे आहेत का, भोवती कानशीच्या खुणा आहेत का, ते पाहा. सगळी गाडी साठ वर्षांची आणि नंबर तेवढा कालचा दिसला, तर उठून घरी या.

काकूंनी मेस्त्रीला नकार कळवला. ते हौशी गृहस्थ पुन्हा आले नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फाल्गुनात नाशिकचे एक तरुण जोडपे आले. पहिल्या भावापेक्षा कमी, पण निम्म्याहून बराच जास्त भाव त्यांनी दिला. काकूंनी त्यांच्यापुढे आपणहून पुस्तकातले ते पान उघडले आणि बोरघाटाची हकिगत सांगितली. गुडघ्याचे ऑपरेशन एकाच पायाचे झाले; दुसऱ्याचे यंदा बघू म्हणतात.

गाडी निघाली तेव्हा त्या काठी टेकत खाली आल्या आणि डबा त्या मुलीच्या हातात दिला. "हा गाडीबरोबरच असू दे," म्हणाल्या, "आणि घाटात तापली तर थांबा हं. तुम्हाला घाई नाही."